गोदामातून निघालेला ठेका

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे वस्तीतील अभ्यासिकेत गेलो, तर दारात एक ताई उभ्या होत्या. धुणीभांडी करून संसार चालविणारी ही माऊली. मुलगा बारावी कॉमर्सला. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही तरी समजवा त्याला. पुस्तकाला हात लावत नाही. डीजे व्हायचं म्हणतो. लॅपटॉप मागतोय. डीजे ही काय नोकरी आहे का?"

मुलगा मागेच मान खाली घालून उभा होता. आम्ही त्याला विचारले, "डीजे म्हणजे नेमके काय, सांगशील?" तो म्हणाला, "सर, जयंतीला वाजवतात ना, तसं." त्याच्या पुढे त्याला काही सांगता येईना. आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही सांगता येईना. आम्ही बी.कॉम. झालेली, आकडेमोडीत आयुष्य गेलेली माणसे. पण पोराला "नाही" म्हणण्यापूर्वी आपण ज्याला नाही म्हणतो आहोत ते आहे तरी काय, हे समजून घेणे आमचे कर्तव्य होते. म्हणून वाचनाला लागलो. त्या वाचनात जो माणूस भेटला त्याची हकिगत आज वाचक बंधुभगिनींसमोर ठेवीत आहोत.

एका शब्दाचे तीन अर्थ

आपल्याकडे 'डीजे' म्हटले की ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत डोळ्यांसमोर येते. वास्तविक तो शब्द माणसाचा आहे. 'डिस्क जॉकी' म्हणजे तबकड्या वाजविणारा. एक गाणे संपण्यापूर्वी दुसरे गाणे त्याच लयीत आणून असे जोडायचे की नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये, हे त्याचे काम. त्याच्या पुढची पायरी 'प्रोड्युसर'ची. हा दुसऱ्याची गाणी नुसती वाजवीत नाही, तर यंत्रावर स्वतःचे संगीत तयार करतो, किंवा दुसऱ्याच्या गाण्याची नवी बांधणी करतो. त्या नव्या बांधणीला 'रिमिक्स' म्हणतात. भाड्याने कर्णे देणारा, वाजविणारा आणि निर्माण करणारा हे तीन वेगळे धंदे आहेत. आपली पोरे पहिला धंदा पाहतात, दुसऱ्याचे स्वप्न पाहतात आणि तिसरा त्यांना ठाऊकच नसतो.

आज जगभर ज्याला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हणतात त्याची एक मोठी शाखा 'हाऊस' या नावाने ओळखली जाते. तिचा जनक म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते तो फ्रँकी नकल्स. त्याचे मूळ नाव फ्रान्सिस वॉरन निकोल्स. जन्म १८ जानेवारी १९५५, न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्स या भागात. वर्णाने काळा. आणि तो समलिंगी होता. म्हणजे गोऱ्यांच्या जगात वर्णामुळे बाहेर, आणि स्वतःच्या माणसांत स्वभावामुळे बाहेर. दुहेरी बहिष्कार कशाला म्हणतात हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

फुगे फुगविण्यापासून सुरुवात

फ्रँकीचे शिक्षण कलेचे. कपड्यांची रचना, वेशभूषा यांचा तो विद्यार्थी. संगीताच्या शाळेत तो कधी गेला नाही. त्याचा जिवलग मित्र लॅरी लेव्हान. १९७०च्या दशकाच्या आरंभी ही दोन पोरे न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत जाऊ लागली. 'द गॅलरी' नावाच्या एका नृत्यगृहात त्यांना काम मिळाले. काम कसले? तर फुगे फुगवायचे, सजावट करायची. पण काम करता करता त्यांचे लक्ष तबकड्या वाजविणाऱ्या माणसाच्या हातांकडे असे. कोणते गाणे कधी लावतो, गर्दी थकली की काय करतो, दिवे कधी मालवतो, हे त्यांनी पाहून पाहून शिकले. पुढे 'कॉन्टिनेन्टल बाथ्स' या ठिकाणी दोघांनाही वाजविण्याची संधी मिळाली. रात्री लांबलचक, पैसे बेताचे. परंतु हजारो तास हाताखालून गेले. तीच त्याची शाळा.

१९७७ साली रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाने शिकागो शहरात नवे नृत्यगृह काढायचे ठरविले. त्याने प्रथम लॅरीला विचारले. लॅरीला न्यूयॉर्क सोडायचे नव्हते. मग फ्रँकीला विचारणा झाली आणि फ्रँकी गेला. दुसऱ्या पसंतीचा म्हणून गेलेला हा बावीस वर्षांचा तरुण पुढे त्या शहराची ओळख बनला.

शिकागोचे गोदाम

शिकागो हे कष्टकऱ्यांचे शहर. १९१० ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आले. गावातील जुलूम टाळण्यासाठी आणि कारखान्यांतील मजुरीसाठी. त्यांतील मोठा लोंढा शिकागोच्या दक्षिण भागात स्थिरावला. आपली माणसे कोकणातून आणि देशावरून मुंबईच्या गिरण्यांत आणि बंदरात आली, तसेच हे. वस्त्याही वेगळ्या, शाळाही वेगळ्या.

साऊथ जेफरसन रस्त्यावर २०६ क्रमांकाची एक जुनी तीन मजली इमारत होती. तिथे हे नृत्यगृह निघाले. गोदामासारखी इमारत म्हणून लोक तिला 'वेअरहाऊस' म्हणू लागले. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दुपारपर्यंत चाले. दारू मिळत नसे, सरबत आणि पाणी मिळे. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे, बहुतेक समलिंगी तरुण. शहरातील गोऱ्यांच्या नृत्यगृहांत त्यांना दारावरच अडविले जाई, चार-चार ओळखपत्रे मागितली जात. इथे मात्र कोणी कोणाला जात-वर्ण विचारीत नसे. फ्रँकीने अनेकदा सांगितले आहे की ही जागा त्या मुलांना देवळासारखी वाटे. घरात, रस्त्यावर, चर्चमध्ये ज्यांना मान खाली घालावी लागे ते इथे मान वर करून नाचत.

वेअरहाऊसमध्ये जे वाजते ते 'हाऊस', असे शहरातील पोरे बोलू लागली. तबकड्यांच्या दुकानांतही तोच शब्द चालू झाला. जगभर पसरलेल्या एका संगीतप्रकाराला एका गोदामाच्या नावाचा अर्धा तुकडा चिकटला तो असा.

मैदानावर फोडलेल्या तबकड्या

त्या काळी 'डिस्को' संगीताची चलती होती. डिस्को जन्मला कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या नृत्यगृहांत, पण पैसा झाला तो मोठ्या कंपन्यांना. मग त्याविरुद्ध एक लाट उठली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर रेडिओवरील एका निवेदकाच्या पुढाकाराने कार्यक्रम झाला. डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना. दोन सामन्यांच्या मध्यंतरात तबकड्यांचा ढीग मैदानात रचून स्फोटकांनी उडविण्यात आला. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, नासधूस झाली. दुसरा सामना होऊच शकला नाही, आणि यजमान संघ पराभूत ठरविला गेला.

त्या रात्री मैदानावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय पोरगा लोकांना जागा दाखविण्याचे काम करीत होता. संगीताचे यंत्र घेण्यासाठी तो पैसे साठवीत होता. त्याने पुढे सांगितले की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत कित्येक डिस्कोच्या नव्हत्याच. त्या नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. बांधवहो, जाळायला किंवा फोडायला वस्तू घेतली जाते, पण राग माणसावर असतो. हे आपणही पाहिले आहे.

त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरविली. नाचायला नवी गाणी येईनात. इथे सामान्य डीजे काय करील? जुनेच वाजवीत बसेल, नाहीतर धंदा बदलील. फ्रँकीने तिसरा मार्ग धरला. हाऊस म्हणजे डिस्कोने घेतलेला सूड, असे तो पुढे म्हणे. पण तो सूड त्याने दगड घेऊन घेतला नाही. ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन घेतला.

ब्लेड, रीळ आणि ठेक्याचे यंत्र

तो ध्वनिफितीच्या मोठ्या रिळावर गाणे उतरवून घेई. नाचणाऱ्यांना जो तुकडा आवडतो तो ब्लेडने कापून पुन्हा पुन्हा जोडी. चार मिनिटांचे गाणे आठ मिनिटांचे होई. गाणे सुरू होण्यापूर्वी नुसता ठेका, शब्द थांबल्यावर पुन्हा नुसता ठेका. त्यामुळे एक गाणे दुसऱ्यात मिसळणे सोपे जाई. कधी सगळे दिवे मालवून तो आगगाडीच्या आवाजाची तबकडी लावी, आणि अंधारात गाडी अंगावर येते आहे असे लोकांना वाटे.

१९८२च्या अखेरीस वेअरहाऊसच्या चालकाने प्रवेश फी वाढविली. फ्रँकीला ते मानवले नाही. तो बाहेर पडला आणि 'पॉवर प्लँट' नावाची स्वतःची जागा त्याने सुरू केली. याच सुमारास डेट्रॉईटच्या एका तरुण संगीतकाराकडून त्याने जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-९०९ हे ठेक्याचे यंत्र विकत घेतले. हे यंत्र बाजारात चालले नव्हते. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाटत नाही अशी तक्रार होती आणि दोनेक वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. बड्या संगीतकारांनी टाकून दिलेली यंत्रे सेकंड हँड बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि गरीब पोरांच्या हाती आली. फ्रँकी वाजत्या तबकडीखाली या यंत्राचा ठेका सोडी. चार मात्रांवर चार सारखे ठोके, मिनिटाला सुमारे १२० ते १२५. आजही जगातील बहुतेक हाऊस संगीत याच चालीवर चालते.

जेमी प्रिन्सिपल नावाच्या तरुणाने केलेले 'युअर लव्ह' हे गाणे फ्रँकी कितीतरी दिवस नुसत्या ध्वनिफितीवरून वाजवीत होता. तबकडी निघण्यापूर्वीच ते शहरभर झाले होते. १९८६-८७ मध्ये ते छापले गेले आणि आज ते या संगीताचे पायाभूत गाणे मानले जाते. वाजविणारा फ्रँकी आता निर्माता झाला. वयाच्या तिशीनंतर, आणि दहा-बारा वर्षे उमेदवारी केल्यावर.

टपाल खात्यातील एक कर्मचारी

इथे थोडे थांबून एका नोकरदार माणसाची गोष्ट सांगतो, कारण ती आम्हांला फार जवळची वाटली. शिकागोचा मार्शल जेफरसन टपाल खात्यात रात्रपाळीला होता. त्याला वाद्य वाजविता येत नव्हते. पण सरकारी पगार असल्यामुळे दुकानदाराने उधारी दिली, आणि त्याने हजारो डॉलरची यंत्रे घरी आणली. मित्र हसले. तो नोकरी करता करता शिकत राहिला. १९८६ साली त्याचे 'मूव्ह युअर बॉडी' हे गाणे निघाले आणि हाऊस संगीतात पियानो आणणारे गाणे म्हणून गाजले. नोकरी सोडून स्वप्नामागे धावा असा उपदेश पुष्कळजण करतात. या माणसाचे उदाहरण उलटे आहे. नोकरीने त्याचे स्वप्न पोसले.

त्याआधी १९८४ साली जेसी सॉंडर्स आणि वर उल्लेखिलेला मैदानावरचा पोरगा व्हिन्स लॉरेन्स यांनी 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. ती हाऊसची पहिली छापील तबकडी मानली जाते. जानेवारी १९८७ मध्ये शिकागोच्याच स्टीव्ह 'सिल्क' हर्लीचे 'जॅक युअर बॉडी' इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गोदामातील ठेका साता समुद्रापार गेला.

हिशेब कोणाच्या वहीत?

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळतो. जगभर हे संगीत विकले गेले, मग त्या पोरांचे काय झाले? पुष्कळांना फारसे काही मिळाले नाही. वीस-बावीस वर्षांची मुले. वकील नाही, सल्लागार नाही. हाती थोडी रोख रक्कम पडली की समोर येईल त्या कागदावर सही. त्या सहीने ध्वनिमुद्रणाचे आणि रचनेचे, दोन्ही हक्क जात. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोन नामवंत कलावंतांनी तीस-पस्तीस वर्षांनंतर, २०२० साली, आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. २०२२ साली तडजोड होऊन त्यांच्या गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले. त्याच वर्षी मार्शल जेफरसनसह शिकागोच्या आणखी कित्येक कलावंतांनी दावा दाखल केला. तरुणपणी केलेल्या सहीचे ओझे म्हातारपणी कोर्टात न्यावे लागले.

गाण्यात दोन मालमत्ता असतात, हे प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे. एक, रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दोन, ध्वनिमुद्रण, म्हणजे प्रत्यक्ष मुद्रित झालेली प्रत. दोन्हींचे पैसे वेगळे येतात. रिमिक्स करणाऱ्याला बहुधा एकरकमी मेहनताना मिळतो. गाणे पुढे लाख वेळा वाजले तरी मालकी मूळ धन्याची राहते. आपल्या देशात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतील वाटा करारावर सही घेऊनही काढून घेता येत नाही. कायदा आहे. पण कायदा ठाऊक असल्याशिवाय तो उपयोगी पडत नाही.

दुसरा डाव

पॉवर प्लँट बंद पडल्यावर फ्रँकी १९८७ साली काही महिने लंडनला वाजवून आला आणि मग न्यूयॉर्कला परतला. तिथे जूडी वाइनस्टाईन या अनुभवी बाईंनी चालविलेल्या 'डेफ मिक्स' या संस्थेत तो डेव्हिड मोरालेस या साथीदारासह दाखल झाला. करार, पैसे, कंपन्यांशी बोलणी हे सर्व बाई पाहत, आणि फ्रँकी फक्त संगीत पाही. आमच्या मते त्याच्या आयुष्यातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. कलावंताच्या पाठीशी हिशेब जाणणारे विश्वासू माणूस असावे लागते.

इथून त्याची भरभराट झाली. चाका खान, मायकेल जॅक्सन यांसारख्या मोठ्या गायकांच्या गाण्यांची नवी बांधणी त्याच्याकडे आली. १९८९ साली जपानच्या सातोशी तोमिए आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांच्याबरोबर केलेले 'टियर्स' गाजले. १९९१ साली त्याचा स्वतःचा 'बियाँड द मिक्स' हा संग्रह आला. त्यातील 'द व्हिसल साँग' ही शिटीसारख्या सुरावर चालणारी हलकी चाल अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादीत पहिली आली. १९९८ साली ग्रॅमी पुरस्कारांत 'रिमिक्सर ऑफ द इयर' हा पुरस्कार प्रथमच देण्यात आला, आणि तो पहिला मान फ्रँकीला मिळाला.

२००४ साली शिकागो शहराने वेअरहाऊससमोरच्या रस्त्याला सन्मानार्थ त्याचे नाव दिले. त्यासाठी झटणाऱ्यांत इलिनॉय राज्याचे तेव्हाचे सिनेटर बराक ओबामा होते. ज्या शहरात त्याच्यासारख्यांना दारावर अडविले जात होते, त्या शहराच्या रस्त्यावर त्याच्या नावाची पाटी लागली. २०२३ साली ती इमारत शहराने अधिकृत वारसा वास्तू म्हणून जाहीर केली. त्याच्या संग्रहातील हजारो तबकड्या शिकागोच्या दक्षिण भागात एका जुन्या बँकेच्या इमारतीत, स्टोनी आयलंड आर्ट्स बँकेत, जतन केल्या आहेत. आपले दस्तऐवज आपण जपावेत, हा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. आपल्या किती शाहिरांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, याचा हिशेब कोणी ठेवला आहे का?

शरीराची किंमत

परंतु चमकती बाजू सांगून थांबणे म्हणजे पोरांची फसवणूक होईल. रात्रीचा दिवस करणारा हा धंदा शरीर खातो. फ्रँकीचा मित्र लॅरी लेव्हान न्यूयॉर्कच्या 'पॅराडाइज गॅरेज'मध्ये दहा वर्षे राजासारखा वाजला. पण अंमली पदार्थांनी त्याला पोखरले. नोव्हेंबर १९९२ मध्ये तो अवघ्या ३८ व्या वर्षी हृदय निकामी होऊन गेला. फ्रँकीला मधुमेह जडला. पायाची दुखापत चिघळली आणि २००८ साली त्याचे एक पाऊल कापावे लागले. तरीही तो वाजवीत राहिला. मृत्यूच्या दोनच दिवस आधी तो लंडनमध्ये वाजवून आला होता. ३१ मार्च २०१४ रोजी, ५९ व्या वर्षी, शिकागोत त्याचे निधन झाले.

कानांचे तर विचारूच नका. नृत्यगृहांत आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले आहे. कानाच्या आतील बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. चांगला डीजे कानात बोळे घालून काम करतो. कान हेच त्याचे भांडवल आहे. आपल्या मिरवणुकीत भिंतीसमोर तान्ही मुले कडेवर घेऊन आया उभ्या असतात, म्हातारी माणसे छातीवर हात ठेवून दारे लावून घेतात. याचा विचार आपणच करायचा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालचा नियम कोणा एका समाजासाठी नाही, सर्वांसाठी आहे. पण पोलिसांची काठी आधी कोणाच्या गाडीवर पडते हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून शिस्त आपल्यालाच जास्त उपयोगाची.

आपल्या मातीतील दुवा

हे सारे परदेशाचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती त्याला लागूनच. १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर उभी केली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यांच्या लढ्याचे आणि आपल्या लढ्याचे नाते जुने आहे.

आणि संगीतातही एक दुवा मुंबईत सापडतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा संग्रह मुंबईत ध्वनिमुद्रित केला. रोलँडच्याच टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर त्यांनी भैरव, ललित, यमन असे राग बांधले. शिकागोची पोरे ज्या यंत्रांवर पुढे जग गाजविणार होती, ती यंत्रे त्यांच्या आधी मुंबईत एका वादकाच्या हाती होती. संग्रह खपला नाही. २०१० साली तो परदेशात पुन्हा प्रकाशित झाला तेव्हा जाणकार चकित झाले, आणि सत्तरी गाठलेले चरणजित सिंग युरोपात वाजवून आले. २०१५ साली ते गेले. मग फरक कशाचा? यंत्रे तीच होती, बुद्धीही कमी नव्हती. मुंबईत त्या संगीतामागे वेअरहाऊस नव्हते. दर शनिवारी येणारी, तेच आपले म्हणून नाचणारी माणसे नव्हती. कलावंत एकटा मोठा होत नाही. त्याला समूह लागतो.

आपल्याकडे तो समूह आहे. जलशांपासून कव्वालीपर्यंत आणि कॅसेटपासून आजच्या डीजेपर्यंत भीमगीतांनी प्रत्येक नवे साधन हाती घेतले. प्रश्न एवढाच आहे की आपली पोरे नुसती भिंत भाड्याने आणणार, की त्या भिंतीतून जे वाजते त्याची धनीही होणार?

त्या मुलाला आम्ही काय सांगितले

पुढच्या रविवारी आम्ही मायलेकरांना बोलावले. ताईंना म्हटले, "ताई, हे काम आहे. पण ते शिकायला डॉक्टरीइतकी वर्षे लागतात, आणि पोट भरेलच याची हमी नाही. म्हणून पोटाची सोय आधी." मुलाला म्हटले, "बारावी आणि पुढे पदवी पूर्ण करायची. सही करण्यापूर्वी कागद वाचता आला पाहिजे, आणि हिशेब कॉमर्सवाल्याला नाही कळणार तर कोणाला? अडाणी डीजेला सगळे लुटतात. लॅपटॉप लगेच मिळणार नाही. मोबाईलवर फुकटची साधने आहेत, त्यांवर आधी ठेका मोजायला शीक. वाजविणाऱ्याच्या मागे उभा राहून वर्षभर पाहा, तारा उचल, खोकी उचल. फ्रँकीने फुगे फुगविले होते."

पोराने विचारले, "सर, आणि नंतर?"

आम्ही म्हणालो, "नंतर आपल्या वस्तीतील म्हाताऱ्या गायिकांची गाणी रेकॉर्ड करून आण. ओव्या, पाळणे, भीमगीते. त्यांची परवानगी घे, त्यांचे नाव लाव, पैसे मिळाले तर त्यांचा वाटा दे. त्याला ठेका लाव. ते जगात दुसऱ्या कोणाकडे नाही."

मुलगा गप्प होता. ताईंनी मात्र विचारले, "दादा, माझ्या सासूबाईंना दळणाची गाणी येतात. त्यांची चालतील का?"

गेल्या रविवारी अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत एक म्हातारी आजी मोबाईलसमोर बसून गात होती. नातू शेजारी बसून बोटाने मांडीवर ठेका मोजीत होता. मध्येच आजी थांबली आणि म्हणाली, "अरे, हळू मोज. जातं एवढं पळत नाही." त्याने ठेका कमी केला. कॉमर्सचे पुस्तक बाजूला उघडे होते. परीक्षा फेब्रुवारीत आहे, आणि त्या दिवसापर्यंत लॅपटॉपचा विषय काढायचा नाही असे आमचे ठरले आहे.